दाणा कधी, झटका कधी

शनिवारची प्रसन्न दुपार आहे. १९३० चं दशक नुकतंच सुरू झालंय आणि तुम्ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज गावी, हार्वर्ड विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत उभे आहात. समोर पंचविशी ओलांडलेला एक सडपातळ माणूस डब्यात डोकावून मनातल्या मनात हिशेब करतोय. डब्यात उंदरांच्या खाद्याच्या सुक्या गोळ्या. उंदीर आठ, प्रत्येकाला दिवसाला शंभर गोळ्या, म्हणजे रोजच्या आठशे. त्या बाजारात मिळत नाहीत, स्वतः जुळवलेल्या यंत्रावर यालाच पाडाव्या लागतात. हिशेब असा निघतो की उरलेली दुपार आणि संध्याकाळ यंत्रापाशी घालवली नाही, तर सोमवारी सकाळी साडेदहाला डबा रिकामा.

तुम्ही खिडकीबाहेर बघता. तोही बघतो. बाहेर ऊन काय सुरेख पडलंय!

आणि मग त्याला प्रश्न पडतो : उंदराने दांडी दाबली की दर वेळी गोळी द्यायलाच हवी, असं कुठे लिहून ठेवलंय? मिनिटाला एकच दिली तर?

या माणसाचं नाव बी. एफ. स्किनर. ‘प्रबलनाची वेळापत्रकं’ (म्हणजे बक्षीस केव्हा द्यायचं याचे नियम) नावाचं जे प्रकरण बी.एड.चे विद्यार्थी परीक्षेपुरतं पाठ करतात, त्याचा उगम हा. पुढे १९५६ साली त्याने स्वतःच एका लेखात ही हकीकत मिश्कीलपणे सांगून टाकली. शास्त्रज्ञ आपल्या शोधांना मागाहून जी तर्कशुद्ध वंशावळ चिकटवतात, तिची टर उडवायला.

सोमवारी पुन्हा या. मजुरी कापली की काम ढिलं पडणार, अशी तुमची अटकळ असते. तसं होत नाही. मिनिटाला एक गोळी मिळणारा उंदीर संथ पण न मोडणाऱ्या लयीत दांडी दाबत राहतो. बरेचसे दाब फुकट जातात, त्याचं त्याला काही नाही. शेजारी कागद सरकतोय आणि त्यावर एक पेन. प्रत्येक दाबाला पेन केसभर वर चढतं. दाब थांबले की रेघ आडवी जाते, भराभर पडले की उभी चढण होते. ही रेघ नीट बघून ठेवा. पुढचा सगळा प्रवास हिच्याच भरवशावर करायचाय, कारण जनावराच्या मनात काय चाललंय हा प्रश्न इथे विचारत नाहीत.

याच्या आधीचा एक शुक्रवारही पाहून घ्या. गोळ्या टाकणारं यंत्र अडकलं होतं. उंदीर दाबत होता, गोळी येत नव्हती आणि रेघ वाकत वाकत आडवी होत गेली. शिकलेली गोष्ट विझताना कशी दिसते, ते पहिल्यांदा कागदावर उतरलं. सांगायला प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. ते शनिवार-रविवार स्किनर रस्ते जपून ओलांडत होता; आपण गाडीखाली आलो तर शोधही जायचा!

आता थोडं पुढे सरका. १९३८ साली त्याचं पहिलं पुस्तक यायचंय, त्यातला एक प्रयोग. सगळे उंदीर दांडी दाबायला शिकलेत, आणि आता गोळ्या कायमच्या बंद. त्यातल्या निम्म्यांच्या वाट्याला पहिली दहा मिनिटं आणखी एक गोष्ट येते. दांडी दाबली की तीच दांडी उलटून पंजावर चापट मारते. तुम्ही वाकून बघता : उंदीर दचकतो, पंजा ओढून घेतो, मागे जाऊन बसतो. रेघ आडवी. शिक्षेने काम केलं, असं तुम्ही म्हणणार तेवढ्यात दहा मिनिटं संपतात आणि चापट बंद होते. थोड्या वेळाने तोच उंदीर पुन्हा दांडीपाशी. दुसऱ्या दिवसाअखेर दोन्ही गटांच्या दाबांची बेरीज जवळपास सारखी भरते. चापटीने काही पुसलं गेलं नाही, नुसतं लांबणीवर पडलं. शिक्षेने वर्तन दबतं, जात नाही, हे मत स्किनरने पुढे जन्मभर धरून ठेवलं. माझ्या मते एवढ्याशा चापटीवर त्याने फार मोठा इमला उभा केला. १९६० च्या दशकात इलिनॉय राज्यातल्या ॲना गावच्या सरकारी मनोरुग्णालयात नेथन ॲझ्रिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कबुतरांवर विजेचे झटके वापरून हेच तपासलं, तेव्हा निकाल वेगळा आला. जोरदार झटका पहिल्यापासून पूर्ण ताकदीने, प्रत्येक टोचीला दिला, तर पक्षी जवळजवळ पूर्ण थांबतो. तेवढाच झटका हळूहळू चढवत नेला, तर तोच पक्षी टोचत राहतो. मास्तरांनी आधी डोळे वटारायचे, मग कान धरायचा, मग छडी काढायची, ही आपल्याकडची जुनी चढती भाजणी शिक्षेला सगळ्यात कमी परिणामकारक करणारी आहे, हे त्यावरून निघतं. छडीची बाजू घेण्यासाठी हे सांगत नाही. झटके खाणाऱ्या जनावरांची पुढे काय अवस्था होते तेही त्या लोकांच्याच शोधनिबंधांत आहे. जमेल तिथून ती पळ काढतात, आणि झटका बसताना पिंजऱ्यात दुसरं जनावर असेल तर त्याच्या अंगावर धावून जातात.

मधली युद्धाची वर्षं मिनिॲपोलिसला, एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर गेली. तिथे स्किनर कबुतरांना क्षेपणास्त्र चालवायला शिकवत होता. हे खरं आहे. लष्कराने शेवटी हसून बासनात गुंडाळलं. पण त्या खटाटोपात उंदरांची जागा कबुतरांनी घेतली ती कायमची.

१९५३. पुन्हा हार्वर्ड. मेमोरियल हॉल ही लाल विटांची भव्य इमारत, यादवी युद्धात पडलेल्या विद्यार्थ्यांचं स्मारक, वर रंगीत काचांच्या खिडक्या. तुम्ही मात्र जिना उतरून तळघरात जाता, आणि आधी आवाज येतो. टक, टक-टक, टकटकटक. रिले, म्हणजे विजेचे आपोआप चालणारे खटके, बंद-चालू होताहेत. मांडण्यांवर ओळीने रिले आणि तारांची जंजाळं, दुसऱ्या बाजूला पेट्यांची रांग. त्यातल्या काही मुळात सहलीला बर्फ न्यायच्या पेट्या. बाहेरचा आवाज आत जाऊ नये म्हणून त्या सोयीच्या. प्रत्येकीत एक कबुतर. हवेत धान्याचा आणि पिसांचा वास. चार्ल्स फर्स्टर नावाचा तरुण कागदाच्या गुंडाळ्या काखेत मारून एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जातोय. हे लोक रात्री घरी गेले तरी यंत्रं चालूच असतात. सकाळी आल्यावर कागद उलगडून रात्रभर काय झालं ते बघायचं.

एका पेटीचं झाकण उघडं आहे. आत शिरा. आकाराचं मनावर घेऊ नका.

तुम्ही भुकेले आहात. उपासमार नाही, पण भरपेट खाताना जे वजन असतं त्याच्या ऐंशी टक्क्यांवर तुम्हाला आणून ठेवलंय आणि रोज तराजूत घालून ते राखलं जातं. समोरच्या भिंतीत मानेच्या उंचीवर नाण्याएवढी गोल चकती, मागून लाल दिवा. तिच्या खाली चौकोनी खाच, आत्ता अंधारी. तुम्ही चकतीवर टोच मारता. कुठेतरी टक होतं. खाच उजळते, धान्याचा पाळणा वर येतो आणि चार सेकंद, फक्त चार सेकंद, दाणे समोर असतात. मग अंधार.

पुन्हा टोच. काही नाही. पुन्हा. काही नाही. पन्नासाव्या टोचीला खाच उजळते. तुमचा नियम ठरला : पन्नासाला एक. काही दिवसांत अंगात एक विचित्र सवय भिनते. दाणे खाऊन झाले की चकतीकडे बघवत नाही. तुम्ही तोंड फिरवता, पिसं साफ करता, कोपऱ्यात उभे राहता. पुढचे पन्नास डोंगरासारखे दिसतात. मग केव्हातरी पहिली टोच पडते आणि एकदा पडली की उरलेल्या एकोणपन्नास एका दमात, मध्ये श्वास न घेता. बाहेर कागदावर याच्या पायऱ्या उमटताहेत : आडवी, उभी, आडवी, उभी. नगावर मजुरी घेणाऱ्या कारखान्यांतही हेच चालतं, असं स्किनर म्हणतो. पन्नासाचे हळूहळू शंभर, दीडशे केले तरी तुम्ही ओढत राहाल. एकदम केले तर मध्येच गळाठून बसाल आणि कितीही भूक असली तरी उठणार नाही.

नियम बदलतो. आता टोची मोजत नाहीत, घड्याळ मोजतंय. पाच मिनिटं झाल्यावर जी पहिली टोच पडेल तिला दाणा. त्याआधी एक मारा की हजार मारा, सारखंच. शहाण्याने पाच मिनिटं डुलकी काढावी आणि एक टोच मारावी. तुम्ही तेवढे शहाणे नाही, कोणतंच कबुतर नसतं. सुरुवातीला स्वस्थ, मग अधूनमधून, मग भराभर, शेवटच्या मिनिटाला पिसाटल्यासारखं. बाहेरची रेघ खालून वर कमानीसारखी चढते, दाण्याला तुटते, पुन्हा तीच कमान. कागदभर शिंपल्याच्या कडेसारखी नक्षी. ही कमान लक्षात राहू द्या.

आणि आता तिसरा नियम, ज्यासाठी तुम्हाला आत घातलं. सरासरी पन्नासाला एक दाणा. पण कधी तिसऱ्या टोचीला, कधी दीडशेव्या, कधी लागोपाठ दोनदा. दाणा खाऊन थांबायची सोय आता राहिली नाही, कारण पुढचीच टोच दाण्याची असू शकते. म्हणून तुम्ही थांबत नाही. सेकंदाला चार-पाच टोची, तासन् तास. टोचींच्या हिशेबाने दाणे पहिल्याइतकेच मिळताहेत, पन्नासाला एक. धान्य तेच, भूक तीच, चोच तीच. बदललंय ते फक्त केव्हा मिळणार याचं गणित, आणि त्या गणिताने तुमची विश्रांती खाऊन टाकली. बाहेर कागदावर पायऱ्या नाहीत, कमान नाही, सरळसोट चढण.

मग एक दिवस दाणा बंद होतो. दर टोचीला दाणा मिळण्याची सवय असलेलं शेजारचं कबुतर तासाभरात ओळखतं आणि सोडून देतं. तुम्ही ओळखणार कशावरून? कोरडे पट्टे तर तुम्ही रोजच पाहिलेत. तुम्ही हजारो टोची मारता.

बाहेर या. मान दुखत असेल.

स्किनरच्या याच वर्षी आलेल्या ‘सायन्स अँड ह्युमन बिहेवियर’ या पुस्तकात जुगाराची यंत्रं या तिसऱ्या नियमावर चालतात, असं स्पष्ट लिहिलंय. जुगाऱ्याला पैशांची हाव असते किंवा त्याला थरार आवडतो, ही स्पष्टीकरणं त्याला फिजूल वाटतात. पैसे केव्हा सुटतात ते सांगा, माणूस किती वेळ खेळेल ते मी सांगतो, असा त्याचा रोख. तुम्हाला मुंबईची आठवण होणं साहजिक आहे. याच दशकात तिथे न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडता आणि बंद भाव तारेने आला की त्यावर आकडा लागत होता. १९६१ मध्ये न्यूयॉर्ककरांनी ती सोय बंद केल्यावर गाडगं आणि चिठ्ठ्या आल्या, आणि त्याला मटका म्हणू लागले. गिरणीतल्या पगाराची तारीख ठरलेली, आकड्याची नाही. पगार मोठा, आकडा फुटकळ. तरी आकड्याचं वेड कोणत्या नियमाने लागतं हे तळघरातल्या कबुतराला विचारावं. अर्थात माणसाला कर्ज असतं, मित्र असतात, स्वप्नं पडतात. स्किनर हे सगळं फार पटकन बाजूला सारतो आणि तिथे मी त्याच्याबरोबर जात नाही. पण चढण मात्र तीच दिसते, हे नाकारता येत नाही.

फर्स्टर आणि स्किनर १९५७ साली हे सगळं पुस्तकात घालतील. सुमारे सत्तर हजार तासांची नोंद, पंचवीस कोटींच्या घरात टोची, नऊशेच्या वर आकृत्या. वाचायला रटाळ, चाळायला अद्भुत.

याच विद्यापीठात, याच १९५३ मध्ये आणखी एक दार आहे. आत रिचर्ड सॉलोमन आणि त्याचे सहकारी. दोन खणांची मोठी पेटी, मध्ये कुत्र्याच्या पाठीएवढा उंच अडथळा, दोन्ही खणांत जाळीची जमीन. दिवा जातो. दहा सेकंदांनी जाळीत वीज येते. कुत्रं किंचाळतं, धडपडतं, जागीच मुततं आणि कसंबसं पलीकडे पडतं. थोड्या फेऱ्यांत ते दिवा जाताच उडी मारायला शिकतं, झटका लागायच्या आत. मग शास्त्रज्ञ वीज कायमची बंद करतात.

तुम्ही मोजायला बसता. कबुतराची टोच जशी दाण्यावाचून विझली, तशी ही उडीही विझेल. रोज दहा फेऱ्या. दिवस जातात. दोनशे उड्या होतात. कुत्रं उडी मारतंय, आणि आता तर घाबरलेलंही दिसत नाही. बस पकडावी इतक्या सवयीने दिवा गेला की पलीकडे. वीज गेली आहे हे कळायला एकदा तरी थांबून बघायला हवं, आणि थांबणं तेवढं ते करत नाही. दाण्याच्या बाबतीत नुकसान दर टोचीला समोर दिसतं. झटका टाळण्याच्या बाबतीत काहीच न होणं हाच लाभ असतो, आणि तो दर उडीला, न चुकता मिळतो.

मग ते लोक आणखी एक पाऊल पुढे जातात. वीज आता पलीकडच्या खणात. उडी मारली तरच झटका, जागेवर बसलं तर काही नाही. तुम्हाला वाटतं, सुटलं एकदाचं. दिवा जातो. कुत्रं उडी मारतं आणि हवेत असतानाच, पाय टेकायच्या आत, केकाटतं. पुढे काय आहे ते त्याला माहीत आहे. तरी पुढच्या वेळीही ते उडी मारतं. बहुतेक कुत्री अशीच उडत राहिली. दोन खणांच्या मध्ये काच लावून उडी अडवली आणि त्याला झटक्याची जोड दिली, तेव्हा कुठे ती थांबली.

इथून निघावंसं वाटलं तर निघा, मी अडवत नाही. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांसाठी पहिला केंद्रीय कायदा अमेरिकेत १९६६ साली आला, तोही मुख्यतः खरेदी-विक्री आणि ठेवण्याच्या जागेबद्दल. प्रयोग चालू असताना काय चालेल याबाबत त्याने तोंड उघडलं नाही. या कुत्र्यांपासून जे कळलं ते आज भीतीच्या आजारांवरच्या उपचारांत कामाला येतं : घाबरलेल्या माणसाला समजावण्यापेक्षा, त्याला पळू न देता, भीतीच्या गोष्टीसमोर सुरक्षितपणे थांबायला लावतात. हे खरं आहे, आणि त्याने त्या केकाटण्याचा हिशेब चुकता होतो असं मला वाटत नाही.

शेवटचा थांबा जवळच आहे. चार्ल्स नदी ओलांडा, बॉस्टनमध्ये हार्वर्डच्याच वैद्यकीय महाविद्यालयात या. साल १९६७-६८. मोर्स आणि केलेहर यांची प्रयोगशाळा. खुर्चीत कमरेला अडकवलेलं एक छोटं खारमाकड, शेपटीला विजेची पट्टी, समोर एक कळ. हे माकड आधी दाण्यासाठी कळ दाबायला शिकलंय. त्या काळात मधूनमधून, दहा मिनिटं उलटल्यावरच्या पहिल्या दाबाला, शेपटीत झटकाही बसत होता. मग दाणा काढून घेतला. राहिला फक्त झटका, दहा मिनिटांनी एक, आणि तोही कळ दाबली तरच. नाही दाबली तर काही नाही.

तुम्ही माकडाकडे बघू नका, कागदाकडे बघा. सुरुवातीला रेघ आडवी. मग थोडी वर. मग आणखी. नवव्या मिनिटाला तरातरा चढते आणि कमान पूर्ण होते. तळघरातल्या कबुतराने पाच मिनिटांच्या घड्याळावर दाण्यासाठी काढली होती, तीच कमान. हे माकड झटका मिळवण्यासाठी काम करतंय.

त्याला वेदना आवडू लागली असेल, अशी तुमची पहिली शंका. तिचंही उत्तर कागदावर आहे. दहा मिनिटांचा डाव संपला की अकराव्या मिनिटात नियम वेगळा : त्या मिनिटभरात प्रत्येक दाबाला झटका. तीच शेपटी, तोच झटका. आणि त्या मिनिटात माकड कळीवरून हात काढून घेतं. मिनिट संपतं, नवा डाव सुरू होतो, रेघ पुन्हा चढू लागते. म्हणजे झटक्याला स्वतःचा काही ठाम स्वभावच नाही; दर दाबाला आला तर शिक्षा, दहा मिनिटांच्या घड्याळावर आला तर जवळजवळ बक्षीस. यातला ‘जवळजवळ’ महत्त्वाचा आहे. कुठलंही माकड आणून बसवलं तर असं होत नाही. आधीचा इतिहास लागतो, घडणीत बहुधा दाणा किंवा पळवाट असते.

दाराशी उभं राहून तुम्ही शेवटचं विचारता : मग झटका बंदच केला तर? तेही करून झालंय. वेळापत्रक तेच ठेवून फक्त झटका काढला, तेव्हा माकडांनी कळ दाबणं सोडून दिलं. झटका परत सुरू केला, आणि ती पुन्हा दाबू लागली.